स्टेरिंग ढिलं की माझे हात?

गड्यांनो, आज कराडच्या रस्त्यावर माझाच माझ्या हातांवरचा विश्वास उडाला होता.

लढाईवरून परत आल्यापासून मी थोरल्या भावाचा, दादाचा, मालट्रक चालवतो. काल सांगलीत पुढचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, नवे बसवले आणि आज स्टेरिंग ढिलं. फिरवलं तरी गाडी उशिरानं वळायची, सरळ रस्त्यावरही भरकटायची.

दादा शेजारी बसून माझ्या हातांकडंच बघत होता. शेवटी म्हणाला, "लढाईनं तुजं हात थरथरत्यात रं. दुसरा डायवर बघाय पायजे."

मी गाडी थांबवली. "दादा, तू स्टेरिंग हलव, मी खालनं बघतो."

बघतो तर चाकं वळायच्या आधी दोन्ही चाकं जोडणारा अख्खा एक्सलच पाट्यांखाली सरकत होता! नवे पाटे ओझ्यानं दबले होते आणि ते धरून ठेवणारे बोल्ट सैल पडले होते. पान्यानं करकचून आवळले, तशी गाडी सुतासारखी सरळ धावली.

"आता हात बरं हायत न्हवं?" मी विचारलं.

"व्हय. पर उद्या शिराळ्यासनं माजा मेव्हणा येतोय. त्यालाबी चालवून बघू दे."

शिराळ्याला टपालानं निरोप जाऊन माणूस यायला आठवडा जातो, आणि स्टेरिंग तर आजच ढिलं झालं. मग मेव्हण्याला बोलावणं गेलं कधी? तुमीच सांगा, मी उगाच संशय घेतोय का?