केरबामामाचं माप

केरबामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीतल्या एका तयार कपड्यांच्या दुकानात, आरशाच्या अरुंद खोलीत, दोन्ही हात वर करून एका सदऱ्यात अडकलेलो होतो. पोट सुटल्यापासून दुकानदाराला मी आकडा दोनानं कमी सांगतो, त्याचं हे फळ. पँटच्या खिशात फोन वाजतोय, हात सदऱ्यात, सदरा डोक्यात. शेवटी दुकानदारानंच आत येऊन मला एका बाजूनं सोडवलं. फोनवर मामाचा मुलगा सुधाकर होता. "दादा, बाबा गेले. चहा ठेव म्हणले, अन् चहा उकळेपर्यंत..." समोर आरशात साठी ओलांडलेला एक माणूस अर्धा सदरा गळ्यात घालून उभा होता. मामानं हे पाहिलं असतं तर म्हणाला असता, "भाचेबुवा, आधी अंगाला इचारावं, मंग कापड घ्यावं." या गोष्टीला दीड महिना झाला. तो सदरा मी तिथंच टाकून आलो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्याच गावातला. आमचं गाव ताडकळसपासून दोन कोसांवर. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, गावकीची जुनी कामं सोडली, आणि आज्यानं मामाला परभणीला एका मास्टरच्या हाताखाली शिवणकाम शिकायला धाडलं. परतताना मामानं मशीन आणली ती बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून, एखादी बाळंतीण आणावी तशी. आठवडाभर ती ओसरीवर चाले आणि बाजाराच्या दिवशी ताडकळसला लिंबाखाली. गावातल्या काही घरांतली मोठी माणसं मात्र मापाला स्वतः येत नसत, जुना सदरा पाठवून देत. मामाची टेप अंगाला लागायला नको, हे कारण कुणी बोलून दाखवत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. मामा तो सदरा पाटावर पसरायचा, माप घ्यायचा आणि म्हणायचा, "बरंय की. सदरा गुदगुल्या झाल्या म्हणून हालत न्हाई."

पोरं मात्र यायची, सगळ्या वस्त्यांतली. शाळा उघडायच्या आधी आठ दिवस मामाच्या ओसरीवर आमची रांग लागायची. त्या ओसरीवरचा उजेड मला अजून दिसतो. दुपार कलती झालेली, हवेत सुताची कुसं तरंगतायत, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या खाकीचा वास, आणि मामाच्या गळ्यात ती पिवळी टेप. "श्वास धर. पुढं बघ," मामा म्हणायचा, टेप छातीभोवती फिरवायचा आणि आकडा असा ओरडायचा की रस्त्यावरची म्हैस मान वळवून बघायची. मी अंगानं म्हणजे नुसती काटकी. पोरं मला काडी म्हणायची आणि त्यात अतिशयोक्ती काही नव्हती. पण पाचवीत मामानं टेप लावली आणि हाक दिली, "सव्वीस!" रांगेतला आवाज बंद झाला. पुढच्या वर्षी सत्तावीस. त्या दिवशी मी घरी गेलो तो सरळ गेलोच नाही. छाती पुढं काढून गावाला वळसा घालून गेलो, म्हणजे आकडा सगळ्यांना दिसावा.

त्या आकड्यानं मला काय काय करायला लावलं! सहावीत पंधरा ऑगस्टच्या कवायतीला पुढं उभं राहून हुकूम द्यायला कोण येतो, असं गुरुजींनी विचारलं. चांगली दांडगी पोरं खाली बघायला लागली, आणि मी पुढं आलो.

"मी येतो गुरुजी. सत्तावीस हाय."

"काय सत्तावीस? हजेरीचा नंबर?"

"न्हाई गुरुजी. छाती."

गुरुजींनी शिट्टी माझ्या हातात दिली. पंधरा ऑगस्टला मी "दहिने वळ" म्हणालो, "पुढे चल" म्हणालो, आणि समोर एवढी पोरं माझ्या शब्दावर चालतायत हे बघून इतका हरखलो की थांबवायचा हुकूम काय असतो तेच आठवेना. रांग फाटकातून बाहेर पडली, पारावरून पुढं गेली आणि कुणाच्या तरी मिरच्यांच्या वाफ्यात शिरली, तरी मी ऐटीत मागून चाललेलोच. गुरुजींनी धावत येऊन लाल डोळ्यांनी सगळं थांबवलं. पण शिट्टी काही परत घेतली नाही. पुढं आयुष्यात जिथं जिथं "कोण येतो?" असं कुणी विचारलं, तिथं माझे पाय माझ्याआधी पुढं गेले आहेत. निम्म्या वेळा मिरच्यांच्या वाफ्यात गेलो ही गोष्ट वेगळी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षी नवं कापड कुणी घेतलं नाही. मामानं आमच्या जुन्या चड्ड्या मागवून घेतल्या आणि आतल्या घड्या उसवून त्या वाढवल्या. मामा शिवतानाच आत भरपूर कापड दुमडून ठेवत असे. विटलेल्या चड्डीला खालून गडद, कोऱ्या रंगाची पट्टी निघायची, जणू चड्डीच्या आत दुसरी नवी चड्डी लपून बसली होती. शाळेत सगळ्यांच्या मांड्यांवर त्या पट्ट्या... आणि शिवायचं काहीच नव्हतं, तरी मामानं मापाची रांग लावली. आम्ही सरकारी मदतीची सुकडी खाऊन जगत होतो, बरगड्या मोजता येत होत्या. पण त्या जूनमध्ये ओसरीवर एकाही पोराचा आकडा कमी भरला नाही. मी अठ्ठावीस झालो. हे कसं झालं, असा प्रश्न मला पडला नाही. कवायतीत रांग थांबवता न येणाऱ्याला असे प्रश्न कुठून पडणार?

अठ्ठ्याहत्तर साली परभणीला पोलीस भरती निघाली. नियमात छाती जेवढी हवी तेवढी माझी होती, वर अर्धा इंच उरत होता. रांगेत मी इतर पोरांना धीर देत होतो, "कमी पडली तर सांगा, माझ्यातला अर्धा इंच घ्या." माझा नंबर आला. हवालदारानं टेप लावली आणि आकडा सांगितला. दीड इंच कमी!

"परत मोजा," मी म्हणालो.

त्यानं परत मोजलं. तेवढंच.

"तुमची टेप खोटी हाय."

आता इथं कुणीही शहाणा माणूस सदरा उचलून घरी गेला असता. मी दुसरी टेप मागवली. दुसरीनं तेच सांगितलं. मी तिसरी मागितली. मागची रांग हसायला लागली. उघड्या अंगानं, श्वास कोंडून लालबुंद झालेला मी ओरडलो, "आमच्या ताडकळसच्या मापानं बत्तीसच्या वर हाय!"

"मग तू ताडकळसचंच पोलीस खातं काढ," हवालदार म्हणाला. "चल, पुढचा!"

बसनं घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. मामा ओसरीवर काज करत बसला होता. "काय झालं भाचेबुवा? कधीपासून घालायची खाकी?" मी त्याच्या गळ्यातली टेप ओढली आणि पहिल्यांदा तिचं टोक नीट पाहिलं. टेप तीनपासून सुरू होत होती. एक नाही, दोन नाही... टोकाच्या कडेला सरळ तीनचं घर.

"हे काय हाय?"

"उंदरानं खाल्लं."

"कधी?"

"तू दुसरीत असशील."

"अन् पोटवाल्या सावकाराला लावता तवा?"

"तवा दुसऱ्या टोकानं मोजतो. तिकडनं शाबूत हाय." मामा सुईकडं बघत होता. "कधी तुझा कपडा आखूड झाला का? ढिला झाला का? ज्या टोकानं अंग मोजलं त्याच टोकानं कापड कापलं. कापडाला काय फरक पडत न्हाई."

"पण मला पडला ना!" मी ओरडलो.

मामानं मान वर केली. माझ्याकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, मापाला उभा राहिल्यावर बघायचा तसं. "हां," तो म्हणाला, "पडला खरा." ती मी त्याची कबुली समजलो. आणि जे बोलू नये ते बोललो, "खोट्या मापाचे शिंपी हाव तुमी. भर मैदानात नंगं केलं मला." मामी आतून धावत आली. मामानं टेप उचलली, गुंडाळली आणि पुढचं काज करायला घेतलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दिवाळीला कपडे शिवायचे आले तेव्हा मी स्वतः मापाला गेलो नाही. जुना सदरा पाठवला. माझ्याच मामाकडं, त्या घरांतले लोक पाठवत तसा! त्या वेळी मला वाटलं, काय झणझणीत उत्तर दिलं. तो सदरा त्यानं पाटावर पसरला असेल तेव्हा तो काय म्हणाला, हे मी मामीला कधी विचारलं नाही... आणि नवा सदरा आला तो इतका बरोबर बसला की मला राग आला.

पुढच्याच वर्षी मला येलदरीच्या धरणावर पाणी मोजायची नोकरी लागली. रोज सकाळी पातळी वाचायची आणि वर कळवायची. मुलाखतीला आम्ही पुष्कळ जण होतो, माझ्याहून शिकलेले. साहेबांनी टेबलावर एक मोजपट्टी टाकली आणि विचारलं, "हिनं मोजायच्या आधी काय कराल? कोण सांगतो?" अर्थात माझे पाय पुढं गेले. "साहेब, ती कुठनं सुरू होते ते आधी बघतो." साहेब हसले आणि नोकरी मला मिळाली. तिथं तीस-बत्तीस वर्षं काढली. पहाटेचं धुकं पाण्यावर पसरलेलं असायचं, धरण आहे की आभाळ ते कळायचं नाही, आणि मी पायऱ्यांवर उकिडवा बसून पट्टीवरचा आकडा वाचायचो. दुष्काळी वर्षांत, पाणी खाली खाली जाताना, दोन बोटं वाढवून सांगावीत असं फार वाटायचं. सांगितली नाहीत. पाण्याला खोटं सांगून ते वाढत नाही. पोरांचं तसं नसतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. भरतीच्या मैदानानं माझं खरं माप सांगितलं होतं, पण तोवर अंगाला सवय लागून गेली होती. मी दोन इंच मोठा माणूस म्हणूनच वाढलो होतो आणि आता लहान व्हायचं कसं, ते मला येत नव्हतं.

पहिल्या पगारात मी एक नवी टेप घेतली, पितळी टोकाची. मामाच्या हातात द्यायचा धीर झाला नाही, मामीकडं दिली. वर शहाणपणा केलाच, "मामाला म्हणावं, ही एकपासून सुरू होते." नंतर येणं-जाणं सुरू झालं, बोलणंही झालं, मामानं माझ्या लग्नाचा कोटसुद्धा शिवला. पण मापाला मी पुन्हा त्याच्यापुढं उभा राहिलो नाही. कोटाचंही माप जुन्याच सदऱ्यावरून. "मामा, माझं चुकलं," एवढं वाक्य मी चाळीस वर्षं आत दुमडून ठेवलं, आणि ते उसवायच्या आत चहा उकळला.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर मी ओसरीवर गेलो. मशीन झाकून ठेवली होती. तिच्या खणात खडूचे तुकडे, बोथट सुया, गुंड्या, आणि गुंडाळलेली टेप. मी आणलेली. दुसऱ्या टोकाचं पितळ तसंच होतं. उलगडत पहिल्या टोकाकडं आलो, तर तिथं पितळ नव्हतं. टेप तीनपासून सुरू होत होती. आणि कड कुरतडलेली नव्हती. कात्रीनं, मास्टरच्या हातानं, एका दमात कापलेली, रेघ ओढल्यासारखी सरळ.

बाहेर ऊन कलत होतं, हवेत सुताची कुसं तशीच तरंगत होती. मामी आतून म्हणाली, "काय करायलास रे वसरीवर येकटाच?"

"माप घ्यायलोय मामी," मी म्हणालो. टेपेचं ते कापलेलं टोक छातीवर धरलं, टेप पाठीमागून फिरवून आणली. श्वास धरला. पुढं बघितलं. आणि जो आकडा आला तो मोठ्यानं सांगितला, रस्त्यावर ऐकू जाईल असा. दोनानं कमी न करता.