कुणी जन्मावं, हे ठरवायचं कुणी?

पालघर कोर्टात तारखा तुंबतात, तसे आम्हा वकिलांकडे किस्सेही तुंबतात. त्यातले निम्मे आमच्या सीनियर नलिनीताईंच्या टेबलावरचे! लग्न, मूल, अपंगत्व असली प्रकरणं त्यांच्याकडे येतात. मी त्यांची ज्युनियर. काम कमी, थक्क होणं जास्त.

*

वाणगावची कविता आणि तिचा ठरलेला नवरा, दोघंही जन्मापासून कर्णबधिर. वडील लग्न अडवून बसलेले. "पोरंबी बहिरीच झाली तर?"

कविताचे हात भराभर हलले. बहिणीनं आम्हाला सांगितलं, "ती म्हणते, तर काय? घरात आमच्याशी बोलणारं आणखी एक माणूस!"

*

बोईसरच्या कंपनीतले एक साहेब. मुलाला स्थळ आलेलं, पण मुलीचा भाऊ गतिमंद. म्हणाले, "घराण्यात दोष नाही, असं तिच्याकडून ॲफिडेव्हिट हवं."

ताई म्हणाल्या, "करू की! आधी तुमच्या घराण्याचं करू. वडिलांची शुगर, आईचं बीपी, काकांची दारू... सांगा, लिहून घेते."

साहेब अर्धा चहा टाकून गेले!

*

एकदा ताई सांगत होत्या, "काही देशांत 'चांगली पैदास' व्हावी म्हणून कायदे होते. एखाद्याला मंदबुद्धी ठरवायचं, फेफरं येतं म्हणायचं, की जबरदस्तीनं नसबंदी."

"कुणी कोर्टात गेलं नाही?"

"गेले ना. कोर्टानंच सांगितलं, करा म्हणून!"

अंगावरच्या काळ्या कोटाकडे मी बघतच राहिले.

*

बेटेगावची एक आई गतिमंद लेकीला, सुमनला घेऊन आली. "हिची पिशवी काढून टाकायची हाय. उद्या कुनी फसवलं तर?"

"तिच्या मर्जीशिवाय कायद्यानं करता येत नाही."

"मंग तुमी सांभाळता काय?"

ताईंनी सुमनलाच जवळ बसवून ऑपरेशन म्हणजे काय ते समजावलं.

"दुखेल?"

"हो."

"मग आईचं करा!"

आई हसता हसता रडायला लागली. ऑपरेशन राहिलं. ताईंनी शोधलेल्या केंद्रात सुमन आता पापड लाटते, आणि आईला दुपारची झोप मिळते.

*

दातिवऱ्याची मंगला उंचीनं आमच्या टेबलाएवढी. दिवस गेलेले. बाळही तिच्यासारखंच ठेंगणं होणार, असं डॉक्टर म्हणाले. सासू मागे लागली, "पाडून टाक."

मंगलानं ताईंना एकच विचारलं, "माज्या मर्जीबिगर कुनी काय करू शकतं?"

"कुणीही नाही."

"मंग झालं!" म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या वर्षी सासूच नातीला कडेवर घेऊन पेढे द्यायला आली. मी भीत भीत विचारलं, "मावशी, आता कसं वाटतं?"

म्हातारीनं नातीचं टोपडं सारखं केलं. "आमच्या घराचा दरवाजा बुटका हाय, बाय. सगल्यांना वाकून यायला लागतं. ही ताठ मानेनं येनार!"