पिटच्या जाळीबाहेरचा मिस्त्री

चंद्रपूरबाहेरच्या पडीक माळावर वर्षातून एकदा मोटारसायकलींची मातीतली शर्यत भरते. बघणाऱ्यांचं तिकीट वेगळं. त्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. स्पर्धक एंट्री फी भरतो, त्यात त्याला पिटचे दोन पास मिळतात. पिट म्हणजे गाड्या तयार करायची जाळीआडची जागा. पास म्हणजे मनगटाला चिकटवलेली कागदी पट्टी. निघाली की बाद. जादा पास विकत मिळतो, पण सकाळी दहापर्यंतच.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन पासांपैकी एक त्याची गाडी दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रीभाऊंना, दुसरा मला. मी कशाला, तर पाण्याची बाटली धरायला! मिस्त्रीभाऊ एटापल्लीकडचे, बोलणं मोजकं, आणि हात धुणार ते पेट्रोलनेच. त्या दिवशीही धुतले. मग पाना आणायला बाहेर गेले आणि परतताना फाटकावरच्या माणसाने त्यांचा हात बघितला. डिंक विरघळून पट्टी कुठेतरी गळून पडली होती. दहा वाजून गेले होते. मी भांडभांड भांडले, तो काही बधला नाही. नियम त्याचा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

इकडे भावाची गाडी सुरू व्हायची आणि लगेच बंद पडायची. मागच्या वर्षी याच दुखण्यापायी तो शर्यतीत उतरलाच नव्हता. वर्षभर ते त्याला खात होतं. त्याला गाडी पळवता येते, दुरुस्त करता येत नाही.

"बाई, पेचकस घ्या," जाळीपलीकडून मिस्त्रीभाऊ ओरडले. "कार्बोरेटरच्या बाजूले पितळी स्क्रू दिसते ना? पाव फेरा उजवीकडं. घाई नोका करू."

"एवढ्या गोंगाटात तुम्हाला आपली गाडी ऐकू तरी येते का?"

"येते ना. तुम्ही फिरवा."

आजूबाजूला वीसेक गाड्या गुरगुरत होत्या. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मिस्त्रीभाऊंनी डोळे मिटले आणि जाळीला कान लावला. मी स्क्रू फिरवला.

"जास्त झालं. मांगं घ्या. अजून जरासं. बस!"

गाडी एका लयीत चालू लागली. या माणसाला मी आजवर नुसता मिस्त्री समजत होते, याची मला खरंच लाज वाटली.

भाऊ तिसरा आला. मिस्त्रीभाऊ फाटकापाशीच थांबले होते. मधे मातीचा बांध, तिथून शर्यत दिसतच नाही. म्हणून मी भावाला ओढतच सांगायला घेऊन गेले.

"मले समजलं," मिस्त्रीभाऊ म्हणाले. मग भावाकडे वळून हळूच विचारलं, "शेवटच्या फेरीत, उतारावर, ॲक्सिलेटरवरचा हात काऊन आखडला? गाडी तर मस्त जाऊन राह्यली होती."

भावाने मान खाली घातली. उतारावर आपण घाबरलो, हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं.