डी ड्राइव्हमधली गोधडी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी उमापूरच्या आमच्या शेजारच्या काकूंचं नाव घेतो. नाव म्हणजे काकू एवढंच. गल्लीत त्यांना दुसऱ्या कशानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

दिवाळी झाली की माझे आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते थेट चैत्रात परतायचे. टोळीबरोबर गेलेल्या पोरांची शाळा सुटायची. माझी सुटली नाही, कारण पहिल्याच वर्षी काकू आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "ह्येला माझ्याकडं ऱ्हाऊ दे. एका भाकरीनं मला काय फरक पडतोय?" त्या एकट्या होत्या. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज, पोरांच्या चड्ड्या. उरलेल्या चिंध्यांच्या त्या गोधड्या शिवायच्या, हातानं, बारीक टाक्यांच्या.

त्या गोधडीखाली मी नऊ हिवाळे झोपलो. सकाळी ऊन खिडकीतून आत आलं की झिजलेल्या तुकड्यांमधून उजेड झिरपायचा. लाल तुकड्याखाली तोंड नेलं की सगळं जग लाल, जरा सरकलं की हिरवं. अंगावरच्या ठिगळांना आतून बघत मी पाढे म्हणायचो. कुठलं ठिगळ कुणाचं तेही पाठ होतं. हे मास्तरांच्या सदऱ्याचं, हे आईच्या लुगड्याचं, हे माझ्याच पहिलीतल्या चड्डीचं.

गोधडी पुरी होताना मधोमध शेवटचं ठिगळ बसायचं. ते शिवण्याआधी काकू त्याच्याखाली वाळवलेल्या पोळीचा चतकोर ठेवायच्या. त्या ठिगळाला त्या 'पोट' म्हणत.

"कावून ठेवता, काकू?"

"गोधडी उपाशी नसावी रं. मग पांघरणारा बी उपाशी झोपत न्हाई."

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात तोवर कुणी दहावीही ओलांडली नव्हती. आईवडील तेव्हा कारखान्यावर होते, म्हणून प्रमाणपत्र आधी काकूंच्या हातात दिलं. त्यांनी पदराला हात पुसले, कागद दोन्ही कडांनी धरला आणि मशीनवर, कातरीच्या शेजारी, जरा वेळ तसाच ठेवला. त्यांच्या घरात चांगल्या वस्तूची जागा तीच होती.

नोकरी मात्र मिळेना. तेव्हा गेवराईत एका किराणा दुकानाच्या मागच्या भागात इंटरनेट आलं होतं. पडद्याआड दोन संगणक, भोवती शेंगदाण्याचा आणि काड्यापेट्यांचा वास. मालक माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी. तो पुढं साखर तोलायचा आणि मी आत दुपारभर लोकांचे अर्ज भरून द्यायचो. ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. बाहेर रस्त्यावर ऊन आणि एसट्या, आत निळा उजेड, आणि टेलिफोनच्या तारेतून येणारी ती किरकिर, शीळ, खरखर. आवाज थांबला की कुठलंसं दार उघडलं असं वाटायचं.

त्या दारापलीकडं एक बाजार सापडला. कुणीही आपली वस्तू मांडावी, कुणीही लांबून बघून घ्यावी. मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या सुईत दोरा ओवत होत्या.

"माझी गोधडी मांडता येईल का रं तिथं?"

"येईल की."

"विकली न्हाई तरी चालंल. लांबच्या कुणीतरी एकदा बघावी, बास."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. म्हणून ती मला परीक्षेपेक्षा मोठी वाटली.

त्यांनी नवी कोरी गोधडी काढली, माझ्या जुन्या गोधडीतून उरलेल्या त्याच चिंध्यांची. अंगणात बाज उभी करून तिच्यावर ती टांगली. स्टुडिओवाल्यानं फोटो काढला आणि मी तो गेवराईत स्कॅन करून मालकाच्या संगणकात ठेवला. बाजाराच्या अर्जात एक रकाना होता: चित्राचा पत्ता. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. मग संगणकातला फोटो उघडला, तर वरच्या पट्टीत पत्ता लिहिलेलाच होता, डी अक्षरानं सुरू होणारा. मी तो जसाच्या तसा उतरवला आणि बटण दाबलं. पान उघडलं आणि त्यात गोधडी! ठिगळन् ठिगळ दिसत होतं.

"बे पदवीधर," मालक पडदा सारून म्हणाला, "शिकलेलं वाया न्हाई गेलं बे तुझं."

दुसऱ्या दिवशी काकू एसटीनं आल्या. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. संगणकाच्या काचेसमोर बसून त्या गोधडीकडं अशा बघत राहिल्या, जशी सासरी गेलेली मुलगी दिसावी.

"ही आता कुटं हाय?"

"सगळीकडं," मी म्हणालो.

हा शब्द मी पुढं किती दिवस मनात उलटापालटा केला ते मलाच माहीत. गल्लीत काकूंनी तोच सांगितला. माझी गोधडी सगळीकडं हाय.

आठवड्याभरात त्यांच्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. फोन गावातल्या एकाच दुकानात होता, त्यामुळं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणाला, आत्या, तिथं गोधडी नाहीच. नुसता रिकामा चौकोन आणि कोपऱ्यात लाल फुली. समोरच्या घरची बाई पाण्याला जाताना रोज थांबून विचारू लागली, "काय ओ काकू, गोधडी कुणी पांघरून नेली का काय? नुसता चौकोनच ऱ्हायला म्हनं!"

मी गेवराईत पान उघडून पाहिलं. गोधडी जागच्या जागी होती. मी काकूंना ठामपणे सांगितलं, "त्याचं मशीन जुनं असंल." मग बाजारवाल्यांचंच पत्र संगणकावर आलं: फोटो दिसत नाही, सात दिवसांत दिसला नाही तर वस्तू काढून टाकू. मी त्यांनाही नम्रपणे उत्तर धाडलं, की फोटो स्वच्छ दिसतो आहे, कृपया आपलं यंत्र तपासावं. ते उत्तर आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. मालकाच्या घरचा नियम असा, की अमावास्येला दुकान पार झाडून काढायचं. मांडण्या उतरवायच्या, तराजूची पारडी धुवायची, दाराला नवं लिंबू बांधायचं. गिऱ्हाइकांची राहिलेली अडगळ अमावास्या ओलांडू द्यायची नाही, हा त्याच्या वडिलांचा दंडक. मी दुपारी पोचलो तेव्हा फरशी ओली होती आणि उदबत्तीचा वास भरला होता. संगणकालाही हळदकुंकू लागलेलं. मी सवयीनं गोधडीचं पान उघडलं.

रिकामा चौकोन. कोपऱ्यात लाल फुली.

"मालक, गोधडीचा फोटो कुठं गेला?"

"झाडला. लोकांचं काय काय साठलं व्हतं बे डीमधी. सगळं साफ केलं. अमावास्या न्हाई का आज?"

"पण तो तर इंटरनेटवर होता."

"मग तिथं असंल की," तो पारडं पुसत म्हणाला. "मी तर आपल्याच घरात झाडू मारला."

मी खुर्चीवर बसून राहिलो. फोटो तिथं कधी गेलाच नव्हता. मी साऱ्या जगाला पत्ता दिला होता तो ह्या दुकानातल्या संगणकाच्या डी नावाच्या कपाटाचा. पुण्यात भाच्यानं पान उघडलं की त्याचं यंत्र बिचारं त्याच्याच कपाटात जाऊन गोधडी शोधायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. फक्त ह्याच यंत्राच्या कपाटात ती होती, म्हणून फक्त इथंच दिसायची. आमची गोधडी आम्हीच पाहत होतो आणि त्यालाच जग समजत होतो.

संध्याकाळी मी काकूंकडं गेलो. उंबऱ्यावरच बसलो.

"काकू, सगळीकडं म्हणलो होतो ना, ते खोटं निघालं. ती फक्त गेवराईत होती. आता तिथंबी नाही."

त्यांच्या हातातली सुई थांबली. "मंजे भाचा खरं बोलत व्हता."

"हो."

"त्याला मी लई बोलले रं. जळतोस म्हनले." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तुला दिसत व्हतं का न्हाई?"

"दिसत होतं."

"मग तू खोटं न्हाई बोलला. पन नुसतं आपल्याला दिसून काय करायचं? दुसऱ्याला दिसंल असं कर." त्यांनी दोऱ्याच्या रिळांच्या डब्यातून स्टुडिओवाल्याची छापील प्रत काढून माझ्या हातावर ठेवली.

हातात चार दिवस होते. पहिल्या दिवशी कळलं, की फोटो आधी इंटरनेटवरच्या कुठल्यातरी जागेवर नेऊन ठेवावा लागतो आणि मग त्या जागेचा पत्ता अर्जात द्यायचा. अशी फुकटची जागा सापडली. फोटो पुन्हा स्कॅन केला, पण तो इतका जड, की अर्ध्यात पोचला की तार तुटायची. त्याच टेलिफोनचं एक जोडणं वर मालकाच्या घरात होतं. त्याच्या आईनं बहिणीशी बोलायला फोन उचलला, की आमची गोधडी वाटेतच पडायची. दुसऱ्या दिवशी मी फोटो लहान केला, कमी जागा लागेल अशा प्रकारात साठवला. मालक साखर तोलायची सोडून जिन्यात जाऊन बसला.

"आई, घडीभर फोनला हात लावू नको."

"कावून? बहिनीला नातू झालाय, इचारू नको व्हय?"

"इचार, पन गोधडी गेल्यावर!"

"कुटं चालली गोधडी?"

"लांब!"

फोटो चढला. पण पानावर पुन्हा फुली. मग दिसलं, की मी फाइलच्या नावात दोन शब्दांत मोकळी जागा सोडली होती आणि पत्ता तिथंच तुटत होता. नाव सलग केलं, पत्ता पुन्हा दिला. गोधडी आली.

मालक हसला, मी हसलो नाही. ह्या यंत्रानं मला एकदा फसवलं होतं. ते गोधडीला ओळखत होतं. माझ्या डोळ्यांनाही तीच ओळख. आम्हा दोघांची साक्ष काय कामाची?

"मग दुसऱ्या गावाला जाऊन बघ बे," मालक म्हणाला. "जिथं तुला कुणी वळखत न्हाई आन् गोधडीलाबी न्हाई."

सातांतल्या सहाव्या दिवशी मी एसटीनं औरंगाबादला गेलो. खिडकीशी डोकं टेकून अर्धवट झोपेत होतो. बाहेर कापसाची रानं मागं सरकत होती, आणि मला वाटत होतं, गोधडी आपल्या पुढं कुठंतरी हवेतून चालली आहे आणि मी तिच्या मागं. स्टँडजवळच्या एका अनोळखी दुकानात अनोळखी खुर्चीवर बसलो. पत्ता टाइप केला. पान उघडलं. चौकोन रिकामा होता.

फुली मात्र नव्हती. मग चौकोनाच्या वरच्या कडेला एक बारीक रंगीत रेघ उमटली. तिच्याखाली दुसरी. वरून खाली, एकेक टाका घालावा तशी, गोधडी तिथं शिवली जात होती. मास्तरांचा सदरा आला. आईचं लुगडं आलं, लाल. एवढ्या लांब, त्या गार खोलीत, क्षणभर सगळं जग मला आतून लाल दिसलं. मग मधोमध पोट आलं, जरासं फुगलेलं.

उठण्याआधी संगणकावरची माझी टपालपेटी उघडली. तिथं जे सापडलं ते घेऊन मी पोस्टात गेलो, आंतरदेशीय पत्र विकत घेतलं आणि उभ्यानंच लिहिलं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, म्हणून अक्षर मोठं काढलं. पत्राची नक्कल माझ्याकडं नाही, पण शब्द सगळे आठवतात.

"काकू, पाया पडतो.

हे पत्र औरंगाबादहून लिहितोय. आज इथल्या परक्या मशीनवर तुमची गोधडी मी बघितली. इथं तिला कुणी ठेवलं नव्हतं, तरी ती आली. आता ती खरंच गेवराईबाहेर पोचली. भाच्याला फोन करून बघायला सांगा आणि त्याला बोललात ते परत घ्या. चूक माझी होती.

अजून एक. एका बाईंचं पत्र आलंय. कुठल्या आहेत ते सांगितलं नाही, पण लांबच्या आहेत, कारण इंग्रजीत लिहिलंय. त्यांनी गोधडी नीट, वेळ देऊन बघितली. टाके किती बारीक आहेत असं लिहिलंय. आणि विचारलंय, की मधल्या ठिगळाखाली काहीतरी फुगल्यासारखं दिसतंय, ते काय आहे?

मला उत्तर माहीत आहे. पण ते मी देणं बरोबर नाही. आतापर्यंत मला जे दिसलं तेच मी जगाला सांगत आलो. ह्या वेळी तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. उद्या दुपारच्या गाडीनं येतो. पत्र माझ्यानंतर पोचेल बहुतेक, तरी धाडतोय. तुमच्या नावानं लांबून काहीतरी यावं असं वाटलं.

तुमच्या गोधडीखाली वाढलेला,
तुमचा लेक"