विज्ञानाला दिलेले हातउसने

आधीच सांगते, माझं अक्षर कोणाला लागत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराणा सामान आणि स्वतःची सही, एवढंच. हे चुकून कोणाच्या हाती लागलं तर त्याने समजून घ्यावं. लागू नये हे जास्त बरं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत उरलेल्या पानांवर लिहिते आहे.

आम्ही सुरतेला, गोडादऱ्यात राहतो. मूळचे खान्देशातले. नवरा कापड विणायच्या लूमच्या खात्यात कामाला आहे आणि मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. साडी पसरायची, नक्षीवर चिकट गमाचे ठिपके द्यायचे, मेण लावलेल्या काडीने एकेक खडा उचलायचा आणि ठिपका सुकायच्या आत त्यावर बसवायचा. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका हेच करतात. माझी शेजारीण नांदेडकडची आहे. ती बोलते आणि मी ऐकते, असं आमचं जमलेलं आहे.

या कामाने मान धरते आणि डोळे जातात. माझे जायला लागले होते. संध्याकाळी पांढरा खडा आणि पांढरी साडी यांतला फरक मला दिसेनासा झाला होता. म्हणून मी एक इंटरलॉकचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. साडीच्या कडा शिवायच्या, चष्मा लावून ते काम म्हातारपणापर्यंत करता येतं. भेस्तानला एक बाई आपलं छोटं शिवणकाम बंद करून मशीन स्वस्तात विकणार होती. नवरात्रापर्यंत थांबते म्हणाली. पैसे मी जमवले होते, थोडेच कमी पडत होते. ते मी गव्हाच्या कोठीत ठेवले होते आणि ही गोष्ट फक्त शेजारणीला माहीत होती. म्हणजे गल्लीला माहीत होती.

तेवढ्यात आमच्याकडे विज्ञान आलं.

कॉलेजातली तिघं होती. एक मुलगा संगणकाचा. त्याला आमचे हात हवे होते. कपाळावर छोटा कॅमेरा बांधून आम्ही काम करायचं, आणि त्यावरून यंत्राचा हात खडे लावायला शिकणार होता. दुसरा पदार्थविज्ञानाचा. त्याला आमचा गम हवा होता. तो भिंग घेऊन ठिपक्यावर ओणवा व्हायचा आणि थेंब कडेने आधी का सुकतो ते पाहत राहायचा. तिसरी मुलगी, मेंदूची. तिला आमचं डोकं हवं होतं. तारा लावलेली एक टोपी ती डोक्यावर चढवायची आणि हात काम करत असताना डोक्यात काय चालतं ते तिच्या संगणकावर रेघांनी उमटायचं. तीन वेगळी शास्त्रं एकत्र का, असं शेजारणीने विचारलं, तर मुलगी म्हणाली की हल्ली एकट्या विषयाला पैसे मिळत नाहीत, मिसळ केली की मिळतात.

ती मुलगी सुरतचीच, गुजराती. आमच्याशी हिंदी-गुजराती मिसळून बोलायची आणि सगळ्यांना मासी, म्हणजे मावशी म्हणायची. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

एका बैठकीचे पैसे एका साडीच्या मजुरीपेक्षा पुष्कळ जास्त होते. यंत्राचा हात शिकला तर आपण काय खायचं, असं एक बाई म्हणाली. त्यावर शेजारीण म्हणाली, "शिकवायचं, पण सासू सुनेला शिकवते तसं. भाजी सांगायची, मीठ सांगायचं नाही." मग सगळ्याजणी तयार झाल्या. मी तयार आहे की नाही हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, म्हणून मीही तयार झाले, आणि बैठका माझ्याच घरी ठरल्या.

केस स्वच्छ करून या, असं मुलीने आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी केस धुतले, खोबरेल चोळून जिरवलं आणि घट्ट वेणी घातली. परक्या शिकलेल्या माणसांसमोर बसायचं, तर बिनतेलाच्या पिंजारलेल्या केसांनी कशी बसणार. तशा बायका सुतकात बसतात. सगळ्यांनी तेच केलं होतं. शेजारणीच्या तर कपाळावर तेल उतरलं होतं. मुलीने टोपी चढवली आणि संगणकावर काहीच धड उमटेना. तेलामुळे तारांना डोकं लागतच नव्हतं. शिकलेल्या मुलीला तेलाचं सांगायचं सुचलं नाही आणि आम्हाला स्वच्छ म्हणजे तेलाशिवाय असतं हे कधी वाटलं नव्हतं.

मग तिने स्वतः आमची डोकी शांपूने धुतली. ओळीने, आमच्याच मोरीत बसवून. लग्नानंतर माझं डोकं दुसऱ्या कोणी धुतलं ते तेवढंच. पोरगी मनाने चांगली होती, हे मला तिथेच कळलं आणि पुढे तेच महागात पडलं.

दुपारी नवरा पाळीच्या सुट्टीत घरी आला. दारात चपलांचा ढीग, घरात बायका भिंतीला टेकून मोकळे कोरडे केस सोडून गप्प बसलेल्या. तो उंबऱ्यातच थांबला आणि त्याने हळू आवाजात आमच्या अहिराणीत विचारलं, "कोन गयं?"

कोणी गेलेलं नाही, डोक्यात काय चाललंय ते बघतायत, असं शेजारणीने त्याला सांगितलं. तो माझ्याकडे, माझ्या डोक्यावरच्या तारांकडे बघत राहिला. "इन्हा डोकामा काय शे ते माले आजलोंग समजनं नही," तो म्हणाला, "यास्ले काय समजी?" आणि पाणी पिऊन परत गेला.

बैठकीचा नियम एकच होता. बोलायचं नाही. जबडा हलला की रेघा बिघडतात, मान हलली तरी बिघडतात, आणि रेघा बिघडल्या तर त्या बैठकीचे पैसे नाहीत. इतर बायकांचे निम्मे दिवस यातच वाया जायचे. शेजारणीची एकही बैठक धड झाली नाही. तिच्या डोक्यातल्या रेघा गरब्यातल्या बायकांसारख्या नाचायच्या, कारण ती तोंड मिटूनही बोलत असते. माझ्या रेघा मात्र सरळ यायच्या. माहेरी आई म्हणायची पोरगी मुकी आहे, सासरी म्हणायचे घुमी आहे, आणि इथे ती मुलगी म्हणाली की मासीसारखं डोकं तिला अजून मिळालं नव्हतं. जन्मभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली त्याचेच पैसे मिळणार म्हणून मला बरं वाटलं.

मिळणार होते, मिळत नव्हते. पैसे तीन विभागांनी मिळून द्यायचे होते, म्हणून तीन सह्या लागत होत्या. मेंदूवाले म्हणत आधी संगणकवाल्यांनी करावी, संगणकवाले पदार्थविज्ञानाकडे बोट दाखवत, आणि पदार्थविज्ञानाचे साहेब परदेशी गेले होते. वर कोणाचं आधार कार्डावरचं नाव वेगळं, कोणाचं बँकेत खातंच नाही. बायका चिडल्या. उद्यापासून कोणी येणार नाही, असं शेजारणीने सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी एकटीची बैठक होती, आणि दारात आलेल्या मुलीला परत पाठवणं मला जमलं नाही. टोपी चढली, कॅमेरा बांधला, सुरू झालं. मुलगी फोनवर बोलायला बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. काम अर्धवट राहिलं तर तिची इतक्या वर्षांची मेहनत फुकट जाणार होती. तीन सह्या महिन्याभरात होतील असं ऑफिसातून सांगत होते, पण बायका महिनाभर थांबणार नव्हत्या.

"मासी," ती म्हणाली, "तुम्ही मशीनसाठी पैसे ठेवलेत असं मला कळलं. तेवढे मला उसने द्याल? बायकांचे देऊन टाकते. नवरात्राच्या आत परत करते. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

मला नाहीच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की रेघा बिघडणार, आणि मान हलवली तरी बिघडणार. तिनेच शिकवलेलं. माझ्या हातात काडी होती आणि काडीवर खडा होता. मी विचार केला की बैठक संपली की सांगू. डोक्यात मी पुष्कळदा नाही म्हटलं. माझं डोकं त्या वेळी तारांनी तिच्या संगणकाला जोडलेलं होतं, आणि संगणक तिच्यासमोर उघडा होता.

बैठक संपेपर्यंत तिने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला होता. टोपी काढताना ती रडत होती आणि माझ्या पाया पडली. आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं हे मला चौथीत शिकवलेलं नव्हतं. मी उठले आणि गव्हाच्या कोठीत हात घातला.

दोन दिवसांनी सगळ्या बायकांना पैसे मिळाले. मलाही मिळाले. माझ्याच पैशातून माझी मजुरी मी घेतली आणि मिळाल्याची सही केली. शेजारीण नोटा ओच्यात बांधत म्हणाली, "कॉलेज शेवटी वळणावर आलं बघ."

नवऱ्याला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. तो जेवत होता, त्याने घास खाली ठेवला. "बँक आपले कर्ज देत नही," तो म्हणाला, "आनि तू कालेजले दिधात?" मग बराच वेळ हसला. ते हसणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

महिना गेला. एक सही झाली. मग ज्याची झाली त्याची बदली झाली, म्हणून ती परत घ्यावी लागली. मुलगी यायची, काम करायची, आणि जाताना न विचारताच म्हणायची की पुढच्या आठवड्यात नक्की. पदार्थविज्ञानाच्या मुलाने याच काळात थेंब कडेने आधी का सुकतो ते शोधून काढलं आणि आम्हाला पेढे दिले. गरब्याचे मांडव लागले, गरबा झाला, मांडव सुटले. भेस्तानच्या बाईने फोन केला. ती वाईट नव्हती, चार दिवस जास्तच थांबली होती. मशीन दुसऱ्या कोणी नेलं. फोन ठेवला आणि मी त्या दिवशीची साडी पुरी केली. पांढरीवर पांढरे खडे होते. अर्धे अंदाजानेच लावले.

दिवाळीनंतर मुलगी आम्हाला आमचे मेंदू दाखवायला आली. तिच्या संगणकावर प्रत्येकीच्या रेघा होत्या, बाजूला तिच्या हातांचं चित्र, आणि दोन्ही बरोबर चालायची. बायकांना मौज वाटली. शेजारीण स्वतःच्या रेघा बघून म्हणाली, "हे तर माझ्या सासरचं भांडण दिसतंय." सगळ्या गेल्यावर मुलगी आवरायला लागली. मी तिच्याजवळ गेले. तिच्याशी आपणहून बोलायची माझी ती पहिली वेळ.

"तू पैसे मागितलेस त्या दिवसाचं दाखव," मी म्हटलं.

तिने शोधलं. माझे हात दिसले. ठिपका, खडा, ठिपका, खडा. मग एकदम नक्षीत बरीच पुढे उडी होती. मधली फुलं गायब.

"इथलं कुठे गेलं?"

"तो तुकडा काढून टाकलाय, मासी," ती म्हणाली. "तिथे तुमचा हात मध्ये मध्ये थांबला होता. रेघाही विचित्र आल्या होत्या. असे तुकडे संगणक आपोआप खराब म्हणून काढतो."

"तिथे मी नाही म्हणत होते," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती संगणकाकडे बघत राहिली, जसं काही तो तुकडा अजून कुठे तरी सापडेल. मग म्हणाली की विचार वाचता येत नाहीत, नुसती हालचाल दिसते, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. सांगितलं होतं, खरं आहे. मी म्हटलं, "मला यंत्राचं काही म्हणायचं नाही. तू समोर बसली होतीस." एवढं एका दमात मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते.

ती त्या दिवशी चहा न घेता गेली. मला रात्रभर वाटत राहिलं की उगाच बोलले. आता ती येणार नाही आणि पैसेही येणार नाहीत.

पण ती आली. सह्यांची वाट बघणं तिने सोडून दिलं होतं. तिला कॉलेजातून दर महिन्याला जे मिळायचं त्यातून ती मला थोडे थोडे द्यायला लागली. एका महिन्यात ती रिक्षाऐवजी चालत आली, ते तिच्या चपलांवरच्या धुळीवरून कळलं. मी म्हटलं की पुढच्या महिन्यात दिलेस तरी चालेल. ती म्हणाली, "मासी, हे मनापासून म्हणताय की नुसतं?" मला हसू आलं. नुसतंच म्हणत होते. मी पैसे घेतले.

यंत्राचा हात अजून खडे लावायला शिकलेला नाही. लावतो म्हणे, पण निम्मे पाडतो. माझ्या डोळ्यांची तपासणी झाली आणि चष्मा लागला.

होळीच्या आधी ती शेवटचे पैसे घेऊन आली. नवरा घरीच होता. त्याने खाट सरकवून तिला बसायला जागा दिली आणि पैशांकडे न बघितल्यासारखं केलं. तिने नोटा माझ्या हातात दिल्या आणि मोजून घ्या म्हणाली. देणाऱ्याच्या तोंडासमोर पैसे मोजायला मला लाज वाटते. तरी मी दारातल्या उजेडात बसले आणि शांतपणे, एकेक नोट वेगळी करून मोजले. सगळे आले होते.