उंबरठ्याबाहेरची आंबील

आमच्या नागपुरात कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कितवी स्टेज? मीही तेच विचारलं. पायावर जांभळे डाग उठले होते, पाऊल सुजलं होतं, तोंड आतून पांढरं पडून घास गिळवत नव्हता. नवऱ्याच्या माघारी कळलं होतं, की जाताना तो मला एचआयव्ही देऊन गेला. त्यापाठोपाठ आता हा कापोसी सार्कोमा, कातडीवर डाग उठवणारा कॅन्सर. धंतोलीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "याची स्टेज एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. तीन गोष्टी बघतात. रोग कुठवर पसरला, शरीराची प्रतिकारशक्ती किती उरली, आणि ताप, वजन घटणं, तोंड येणं असं आणखी काही आहे का. प्रत्येकीपुढे बरं किंवा वाईट लिहायचं." सुजेमुळे पहिलीपुढे वाईट लागलं, तोंडामुळे तिसरीपुढेही. मधलीचा, रक्ततपासणीचा रिपोर्ट तेवढा यायचा होता. त्या एका 'बरं'वर मी जीव टांगून ठेवला.

मधेच महालक्ष्म्या आल्या. नागपुरातच बेसा भागात धाकट्या दिरांकडे त्या बसतात, मी दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. नैवेद्याची आंबील दरवर्षी माझ्याच हातची. नवरा गेल्यावरही ती चालली. रोगाचं नाव कळल्यावर मात्र चालेना. जाऊ वाईट बाई नाही. फोनवर चाचरत म्हणाली, "ताई, यंदा तुम्ही आरामच करा नं. अन् प्रसाद तं उंबरठ्याबाहेर नेत नाही आपण, तुम्हाले माहीतच आहे." माहीत कसं नसणार? सासूबाईंनंतर ती रीत मीच कडक पाळत आले होते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी देवीला वाट्टेल तसं बोलले. म्हटलं, तुझ्या घरी मला जागा नाही, तर माझ्या घरी तुलाही नाही. देवघराचा पडदा ओढून टाकला, दिवा लावला नाही. आई गेली तेव्हाही मी इतकी पोरकी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी लॅबबाहेर बसले होते. शेजारी खापा गावच्या एक वयस्क बाई येऊन टेकल्या. त्यांचे मालक समोरच्या दवाखान्यात होते, नाकात नळी घातलेली. त्यांच्यासाठी आणलेला डबा तसाच परत चालला होता. माझ्या सुकलेल्या तोंडाकडे बघून बाईंनी तो उघडला. आत आंबील होती.

"महालक्ष्मीचा परसाद हाय. घे वं माय."

मी दचकले. "प्रसाद घराबाहेर आणलात?"

"आमच्या घरीबी नेत नाई. पण देवीले म्हणलं, घरधनी धंतोलीत पडून हाय, तू उंबरठ्याच्या आत बसून काय करून राह्यली? चाल माह्यासंग."

मला कुणाची कीव नको होती. त्यांनी आपणहून दूर सरकावं म्हणून मी सगळं सांगून टाकलं, एचआयव्हीसकट. त्यांनी डब्याच्या झाकणात आंबील ओतून माझ्या हातात दिली. तोंडात झोंबली, पण किती दिवसांनी काहीतरी घशाखाली गेलं. थोडी उरली. झाकण धुवायला मी उठले, तर त्यांनी ते काढून घेतलं आणि उरलेली आंबील स्वतः पिऊन टाकली.

"परसाद टाकत नाई, माय," एवढंच म्हणाल्या.

मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले.

मग रिपोर्ट आला. तोही वाईट. कागदावर मधलीपुढेही तेच लिहिलं गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एचआयव्हीची औषधं नेमाने घेतली, प्रतिकारशक्ती वर आली, तर डाग मागे हटू शकतात. सोबत केमो लागेलच. खात्री कसली द्यायची, हे त्यांनाही कळत नव्हतं.

अजून केमो चालू आहे. डाग फिके झालेत की मलाच तसं वाटतं, सांगता येत नाही. पुष्कळ दिवस नुसते काळे जातात. त्या बाईंचं नाव विचारायचंही राहून गेलं. त्यांचे मालक घरी परतले की नाही, कोण जाणे. त्यांच्यासाठी मात्र रोज हात जोडते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पडदा सारला, दिवा लावला. काही मागितलं नाही. देवीने कुठवर यायचं हे इतकी वर्षं मीच ठरवत होते, ते आता तिच्यावर सोडलंय, माझं जगणं-मरणंही. तिन्हींपुढे वाईट लिहिलेला तो कागद हातात पडला, तेव्हा तिची आंबील माझ्या पोटात होती.