नवी झांज

आमचे हे दिवसा छापखान्यात मशीन चालवायचे आणि संध्याकाळी बँडमध्ये ड्रम वाजवायचे. म्हणजे दिवसभर धडधड, संध्याकाळी धडधड, आणि सुट्टीच्या दिवशी सराव म्हणून घरात धडधड. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, मुलगा अबोल आहे. अबोलच होता हो! बोलायचं सगळं काम त्या ड्रमवर सोपवलेलं.

बँडमध्ये ह्यांना सगळे 'घड्याळ' म्हणतात. गाणारी बाई चुकेल, ट्रम्पेटवाला वाहवत जाईल, पण ह्यांची लय इकडची तिकडे व्हायची नाही. ती लय धरून ठेवते ती हाय-हॅट. एका उभ्या दांड्यावर तोंडाला तोंड लावून बसवलेल्या दोन पितळी झांजा. डाव्या पायाने पायडल दाबलं की मिटतात, सोडलं की उघडतात, आणि वरच्या झांजेवर काठी चालू.

आमच्या स्वयंपाकघराची आणि त्या खोलीची भिंत एकच. त्यामुळे तिकडून येणाऱ्या आवाजावरून मला स्वारीचा नूर कळायचा. झांजा घट्ट मिटून चिक चिक चाललं असेल तर मजेत. अर्धवट उघड्या ठेवून झस्स् झस्स् चाललं असेल तर मॅनेजरशी वाजलंय. मी इकडून ओरडायची, "अहो, ती भिंत पाडा एकदाची आणि मोकळे व्हा!" तिकडून उत्तर म्हणून आणखी एक जोरदार झस्स्.

मागच्या महिन्यात ट्रम्पेटवाले भाऊजी घरी आले. हे अंघोळीला गेलेत असं बघून हळूच म्हणाले, "वहिनी, घड्याळाच्या वरच्या झांजेला चीर गेलीय. फुटक्या ताटासारखी खरखरते. मी सांगितलं तर म्हणतो, छान वाजतेय की! आता बँडच्या मालकाच्या कानावर गेलंय. तो दुसरा ड्रमवाला बघतोय."

छापखाना बंद पडल्यापासून ह्यांच्याकडे बँड सोडून काही उरलं नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, आणि आठवडाभर वाट शनिवारच्या कार्यक्रमाची. तो शनिवार हातचा गेला असता तर हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वाळून गेला असता.

"चला, नवीन झांज आणू," हे बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"आहे ती बरी आहे."

"बरी आहे म्हणे! उठा, चपला घाला."

वाद्यांच्या दुकानात ह्यांची जुनी पद्धत. झांज डोळ्यांनी घ्यायची नाही, चकाकी बघून माणूस फसतो. म्हणून दुकानदाराकडे पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, त्याने एकेक जोडी वाजवायची आणि ह्यांनी निकाल द्यायचा. मी ह्यांच्या समोरच स्टुलावर बसले होते, त्यामुळे मला ह्यांचा चेहराही दिसत होता आणि मागचा दुकानदारही.

पहिली जोडी वाजली. "जड आहे, पुढची," हे म्हणाले. दुकानदार दुसरी जोडी दांड्यावर चढवायला लागला. तिचा स्क्रू काही केल्या बसेना. काठी त्याने काखेत धरली होती. तेवढ्यात हे मान हलवून म्हणाले, "हं. ही बरी आहे, पण फार तिखट. पुढची घ्या."

दुकानात काहीच वाजलं नव्हतं.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, परीक्षेला बसल्यासारखा सगळा जीव कानात आणलेला. अगं बाई! फोन वाजून वाजून बंद पडायचा, दाराची बेल कोणीतरी दाबत राहायचं, आणि मी म्हणायची, ह्यांचा बहिरेपणा सोयीचा आहे. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. दुकानदार शहाणा. "बरोबर बोललात," म्हणाला, आणि तीच जोडी नीट बसवून वाजवली.

मग मी ऐकायला लागले. ही बद्द वाजली. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानंतरची उगाच किंचाळली. शेवटची वाजली आणि मला एकदम आपल्या ओट्यापाशी उभी असल्यासारखं वाटलं, पलीकडे हे मजेत असल्यासारखं. मी उठून ह्यांचा दंड दाबला.

ह्यांनी डोळे उघडले आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"ही?"

"ही."

"बांधा हीच," हे दुकानदाराला म्हणाले.

बसस्टॉपवर बाकावर बसलो. खोकं ह्यांच्या मांडीवर. मी जरा मोठ्यानेच विचारलं, "कधीपासून?"

"ओरडू नकोस, बोलणं येतं ऐकू. बारीक आवाज गेले. छापखान्यातच जायला लागले होते. धडधड येते, चिक येत नाही."

"मग वाजवता कसं?"

"पायाला कळतं ना. आणि जुनीचा आवाज मला आठवतो. काठी पडली की डोक्यात आपोआप वाजतो. म्हणून तर चीर कळली नाही. माझ्या डोक्यात ती अजून धडधाकट आहे." खोक्यावरून हात फिरवत राहिले. "ही नवी कशी वाजते ते मला कधीच कळणार नाही गं."

"आणि हे सगळं एकट्याने गिळून बसलात? मी काय मेले होते?"

"घड्याळ म्हणतात मला सगळे," एवढंच म्हणाले.

"मग लय कुठे चुकलीय? आवाज बघायला मी आहे. शनिवारी मालकाला सरळ खरं सांगायचं. ठेवायचं तर ठेवू दे." ह्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर झांज बसवली. मी गॅस बंद केला आणि त्या खोलीत खुर्ची ओढून बसले. आजवर कधी बसले नव्हते. ह्यांनी थोडं वाजवलं आणि विचारलं, "सांग. जुनीसारखीच आहे?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मग ह्यांच्या डोक्यात जुनीच वाजत राहिली असती.

"नाही. जुनी खाष्ट होती. ही... थांबा, परत वाजवा." वाजवली. "तुम्ही कोऱ्या कागदाचा गठ्ठा घेऊन अंगठ्याने फर्रकन सोडायचात बघा, मशीनला लावायच्या आधी. तशी."

हे ताठ बसले. "कोणता कागद? जाड की पातळ?"

"पातळ. कडक."

"आणि उघडी ठेवली की?"

"उघडी? तोच गठ्ठा हातातून सुटला आणि फरशीवर पसरला."

हे हसले. डोळे मिटले आणि वाजवायला लागले, पण या वेळी कपाळावर आठी नव्हती. मी ऐकत होते. बऱ्याच वेळाने, हात न थांबवता म्हणाले, "हो गं, पातळच आहे."